चार बोटं शेपूट

दोरकाकांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या हातांवर आणि त्या हातांनी बांधलेल्या गाठीवर. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी संशयित. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, जिना उतरत, परत वर येत आणि चौथ्यांदा ओढत. दूधवाला हसला तर दुधात पाणी आहे, आणि नाही हसला तर जास्त आहे, असं त्यांचं साधं गणित होतं. बायको म्हणायची, "अहो, आरशातसुद्धा तुम्ही आधी चोरून बघता, मग समोर उभे राहता."

त्यांच्या धंद्यात मात्र हा स्वभाव कामाचा होता. सिनेमात माणूस हवेत उडतो तेव्हा त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर असतो. तो छपराच्या कप्पीवरून फिरून खाली येतो आणि खाली एक जण तो धरून उभा असतो. दोरकाका म्हणजे तो खालचा माणूस. तीस वर्षांत त्यांनी नायक उडवले, खलनायक उडवले, एकदा एक शेळीही उडवली, आणि कुणाच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. शेळीने मात्र उतरल्यावर त्यांना ढुशी दिली. तेव्हापासून शेळ्यांवरही त्यांची नजर असे.

सध्याचा सिनेमा फुटबॉलचा होता आणि कुंग-फूचाही. एका लॉन्ड्रीतले अकरा कामगार स्पर्धेत उतरतात. चादरी पिळता पिळता शिकलेली गिरकी, इस्त्री फिरवता फिरवता शिकलेली लाथ. लाथ बसते चेंडूला, आडवे होतात समोरचे सात जण, आणि पंच घाबरून शिट्टी गिळतो. असले दोन सिनेमे दोरकाकांनी आधीही केले होते. ते म्हणत, "फुटबॉल कळणारे म्हणतात यात फुटबॉल नाही, मारामारी कळणारे म्हणतात यात मारामारी नाही. पण पोट धरून हसतात दोघंही." गंमत अशी की शूटिंगच्या शेडमध्ये उभारलेल्या मैदानात चेंडू नसायचाच. तो नंतर संगणकावर घालणार होते. तोवर एक जण काठीच्या टोकाला लाल गोळा लावून धरायचा आणि बावीस धडधाकट माणसं जिवाच्या आकांताने त्या गोळ्यावर तुटून पडायची.

लॉन्ड्रीच्या संघाची गोलकीपर म्हणजे सिनेमाची नायिका. तिच्या वतीने उडायची ती दोरकाकांची एकुलती एक लेक. लहानपणी जेवताना, अभ्यास करताना, रडतानासुद्धा ती जागच्या जागी गिरक्या घ्यायची, म्हणून भिंगरी. पोरीने या धंद्यात पडू नये म्हणून दोरकाकांनी वर्षभर आकाशपाताळ एक केलं. शेवटी एकच अट घातली: "उडायचं तर माझ्याच दोरावर."

दोरवाल्यांचा एक नियम आहे आणि त्या शेडमध्ये तो दोरकाकांनीच घालून दिला होता. ज्याची गाठ, त्याचा दोर. ज्याने गाठ बांधली त्यानेच दोर ओढायचा, आणि दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. गाठ आवळून झाली की दोराचं टोक चार बोटं मोकळं राहिलं पाहिजे. त्याला ते शेपूट म्हणत. कमी राहिलं तर गाठ निसटते, जास्त राहिलं तर कशात तरी अडकते. मोजायला पट्टी लागत नाही. आपली चार बोटं जोडून शेपटावर ठेवायची, झालं.

संशयाला सुरुवात झाली ती एका सोमवारी. भिंगरी बारा फुटांवर असताना अचानक वीतभर खाली आली. पडली नाही, नुसता हिसका बसला. दोरकाकांनी तिथेच काम थांबवलं. त्यांनी तिला खाली घेतलं, दोर तपासला आणि जाहीर केलं, "कप्पी सरकली."

कप्पीची देखभाल होती मेहुण्याकडे. मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, भिंगरीचा मामा. दहा वर्षांपूर्वी दोरकाकांनीच त्याला या कामाला लावलं होतं. धिप्पाड, गरीब स्वभावाचा, खाण्यात कधी मागे नाही आणि बोलण्यात कधी पुढे नाही. दोरकाकांच्या मते असलीच माणसं आतल्या गाठीची असतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी गाठ बांधली, चहा घेऊन आले आणि सवयीने शेपटावर बोटं ठेवली. तीनच बसली, चौथं बोट अर्धं बाहेर. त्यांनी डोळे चोळून पुन्हा मोजलं. ही गाठ त्यांची नव्हती! कुणीतरी सोडून नव्याने बांधली होती. आणि जास्त खुपलं ते हे की गाठ चांगली होती, दगडासारखी घट्ट. वाईट असती तर चूक म्हणता आली असती. चांगली आहे म्हणजे कुणीतरी हात बसवतंय, माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. त्यांनी ती गाठ सोडली आणि आपली बांधली. दुपारी बघतात तो पुन्हा तीन बोटं आणि वर थोडं. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

आठवडाभर हे चाललं. दोरकाकांची झोप उडाली. मारामारीची आखणी करणारे मास्तर हल्ली दोर ओढणारी मोटार आणायच्या गोष्टी बोलत होते, म्हणून ते यादीत आले. काठीवर लाल गोळा धरणारा उगाचच हसायचा, म्हणून तोही. पण यादीत पहिला नंबर मेहुण्याचा. या धावपळीत घरी सदऱ्याची बटणं लावायला हल्ली फार वेळ लागे, आणि दोनदा चहाचा कप हातातून सुटून फुटला. पण काजं अरुंद होती आणि कप गुळगुळीत होते, तेव्हा त्यात दोष कुणाचा हे उघडच होतं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं झोपल्यासारखी वाटत. ती उशीमुळे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अखेर एका दुपारी, सगळी शेड जेवायला बसलेली असताना, त्यांनी मेहुण्याला गाठलं.

"माझ्या गाठीला हात कोण लावतं?"

"मला काय माहीत, दाजी?"

"तुला माहीत नाही? कप्पी तुझ्या हातात, दोराशेजारी दिवसभर तू. माझी जागा पाहिजे तर तोंडाने माग ना! पोरीच्या जिवाशी कसले खेळ करतोस?"

घास हातात धरून सगळे बघत राहिले. मेहुण्याने ताट खाली ठेवलं आणि आपला पंजा पुढे केला. "दाजी, ही माझी चार बोटं बघा. तुमची पाच होतील. मी बांधली तर शेपूट लांब राहील, आखूड कसं?"

बिनतोड होतं ते. पण दोरकाका मागे हटणाऱ्यातले नव्हते. "मुद्दाम आखूड ठेवत असशील," ते म्हणाले. त्या दिवशी मेहुणा अर्ध्या ताटावरून उठला, आणि हे कुणी आधी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या झेपेचा दिवस आला. भिंगरीने गोलच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पंधरा फुटांवरून आडवं जायचं, मध्ये तीन गिरक्या घ्यायच्या आणि नसलेला चेंडू बुक्कीने परतवायचा. खाली गादी नाही, कारण कॅमेरा जमिनीवरून वर बघणार होता. दोरकाकांनी सकाळी लवकर येऊन गाठ बांधली आणि शिंप्याचा निळा खडू कुटून तिच्यावर चोळला. आता जो हात लावेल त्याची बोटं निळी. मग ते चहाला गेले आणि चहा न पिताच परतले. गाठ बदललेली होती.

ते शेडभर फिरले. मेहुण्याचे हात वंगणाने काळे, पण निळे नाहीत. मास्तरांशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हस्तांदोलन केलं आणि हात उलटासुलटा करून पाहिला. गोळेवाल्याला टाळी द्यायला लावली. सगळे कोरे. हताश होऊन ते गोलपाशी आले. तिथे भिंगरी खोक्यावर बसली होती, हातात गोलकीपरचे जाड पांढरे हातमोजे. पाण्याची बाटली उघडायला तिने उजवा हातमोजा काढला. बोटांची टोकं निळी होती.

"बाबा, ओरडू नका," ती हळूच म्हणाली.

"तू?"

"मीच. तुम्ही वळलात की सोडते आणि परत बांधते. चार बोटं शेपूट ठेवते, तुम्ही शिकवलंय तसं." तिने शेजारी टांगलेल्या दोराची गाठ उचलून शेपटावर आपली बोटं ठेवली. चार. नेमकी.

"पण का?"

"त्या सोमवारी कप्पी सरकली नव्हती. गाठ सरकली होती. तुमची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नाही, बाबा. शेवटी गाठ आवळलीच जात नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असता, मामाने शिकवून पाठवलंय."

हे त्यांनी अगदी याच शब्दांत म्हटलं असतं. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे इतके दिवस तुझी चांगली गाठ सोडून मी माझी…"

"हो. दिवसातून दोनदा. मग मी तिसऱ्यांदा बांधायचे. बोटांना घट्टे पडलेत." ती हसायला गेली, पण तिचे डोळे भरले. "दोर तुमच्याच हातात हवा होता मला. त्याशिवाय भीती वाटते."

दोरकाकांनी उजवी मूठ वळून पाहिली. तीन बोटं मिटली, दोन अर्धवट उभी राहिली. दोष द्यायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी सापडलं नाही. गप्प बसता आलं असतं. आजची गाठ पोरीची होती, घट्ट होती, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण खाली गादी नसताना अशा हाताने दोर धरणारा दुसरा कुणी असता तर त्यांनी त्याला शेडच्या दारातही उभं केलं नसतं.

ते सरळ मेहुण्याकडे गेले. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी चुकलो मी. चोर माझाच हात होता. गाठ तू बांध."

"दाजी, गाठ मी बांधली तर दोरही मलाच…"

"माहीत आहे. नियम माझाच आहे."

मेहुण्याने पोरीची गाठ सोडली आणि आपली घातली. "शेपूट चार बोटं?"

"चार. तुझी."

गाठ झाल्यावर दोरकाकांनी ती तीनदा ओढून पाहिली, चार पावलं गेले, परत आले आणि चौथ्यांदा ओढली. मेहुण्याने मान खाली घालून हसू लपवलं.

दोर ओढणारा कधी उडणाऱ्याकडे बघत नाही. दोरावर तांबड्या रंगाची खूण असते, तिच्यावर डोळा ठेवायचा असतो. त्यामुळे इतकी वर्षं लेकीला उडवूनही दोरकाकांनी तिला उडताना कधी पाहिलं नव्हतं. आज ते रिकाम्या हाताने गोलच्या खांबाशी उभे राहिले. मास्तर ओरडले, लाल गोळा हलला, आणि भिंगरी वर गेली. एक गिरकी, दुसरी, तिसरी. तोंड वेडंवाकडं केलेलं, कारण सिनेमा विनोदी होता. लहानपणी भात नको असला की ती असंच तोंड करायची. सगळी शेड खदखदून हसली आणि दोरकाकाही हसले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.

खांबापाशी ती अलगद टेकली आणि दरवेळच्या सवयीने ओरडली, "बाबा, सोडा!"

मेहुण्याने दोर सैल केला. दोरकाकांनी खाली पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं की आपणही दोन्ही हात छातीशी आवळून धरले आहेत, आणि त्यांनी ते हळूहळू सोडले.