किसनकाकांचे आडवे पट्टे

मे महिन्याच्या उन्हात लोकरीची बंडी घालून आमच्या रोहणा गावाच्या चौकात हिंडणारा एकच माणूस मी पाहिला: आमचे शेजारी किसनकाका. पांढऱ्या बंडीवर आडवे निळे पट्टे. सन सत्तरच्या सुमारास ते मुंबईहून निघणाऱ्या मालवाहू जहाजावर बटाटे सोलायला गेले होते. परतताना एका खलाशानं ही बंडी दिली. “हे बंडी नाई बावा, समुंदर हाय!” असं म्हणत काका घाम पुसत.

गावाला समुद्र ठाऊक नव्हता. पट्टे ठाऊक होते, तेही कैद्यांचे. काका कुठल्या तुरुंगात होते, यावर पानठेल्यावर वाद रंगू लागले.

तीच बंडी घालून ते बायकोला आणायला तिच्या माहेरी, हिंगणीला गेले. पुढचं काका नक्कल करून सांगत. सासरे दारातच कडाडले, “जेलातून सुटले अन् तेच कपडे घालून आले? पोरगी नाई धाडत!” काकांनी जहाजाची शपथ घेतली, बोर धरणाकडे हात केला. “असंच पानी, मामाजी, पन त्याले दुसरा काठ नाई.”

“बिनकाठाचं पानी? म्हंजे हा लबाडही हाय!”

शेवटी यमुनाकाकीच बोचकं घेऊन बाहेर आल्या. “मी येतो. पन हे बंडी पेटीत राहीन.”

बंडी पेटीत गेली. दर उन्हाळ्यात काका तिला ऊन दाखवत, कुरवाळत, परत ठेवत.

मग ऐंशीनंतर काय झालं कोण जाणे! आडवे पट्टे आधी कॅलेंडरवरच्या नटाच्या अंगावर आले, मग वर्ध्याच्या दुकानात टांगले गेले, मग कॉलेजच्या पोरांच्या अंगावर. काका वर्ध्याहून परतले ते चक्रावूनच. “मले समजून नाई राह्यलं. एवढे लोक जहाजावर कधी गेलते?”

त्या दिवाळीत हिंगणीहून सासरे आले, सोबत धाकटा मुलगा. मुलाच्या अंगात निळ्या आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट!

“काऊन साळेबुवा, कोनत्या जेलातून सुटले?” काकांनी विचारलं.

“फॅशन हाय, भाऊजी!” मुलगा म्हणाला.

“शहरात हेच चालते आता,” सासरे कौतुकानं म्हणाले.

काका आत गेले. पेटीचं झाकण करकरलं. डांबरगोळ्यांच्या वासासकट बंडी बाहेर आली, पोटावर ताणलेली, आणि काका मेहुण्याला खेटून उभे राहिले. आम्ही अंगणातले सगळे जवळ सरकलो.

सासऱ्यांनी मुलाचे पट्टे पाहिले, जावयाचे पाहिले, पुन्हा मुलाचे. मग त्यांनी हळूच विचारलं, “जावईबापू, खरंच दुसरा काठ नसते काय त्या पान्याले?”

“दिसत नाई, मामाजी,” काका म्हणाले. घामानं निथळत होते. पण काकी कितीही ओरडल्या तरी त्या दिवशी त्यांनी बंडी काढली नाही.