‘देठ’ कोण परत ऐकतो?

दोंडाईच्याच्या प्रशीलचं डोकं गेला आठवडाभर ठिकाणावर नव्हतं. नरडाण्याच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा हा पोरगा अहिराणीत रॅप करतो. त्याच्या अल्बममधलं ‘भरीतना राडा’ खानदेशात इतकं वाजलं की हळदीत, ट्रॅक्टरवर, सलूनमध्ये, जिथे जावं तिथे तेच. कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर आकाश तर ते लावल्याशिवाय गिअरच टाकत नसे.

आणि आता धुळ्याच्या एका रेडिओ केंद्राने त्याला विचारलं होतं, तुमचं कुठलंही एक गाणं पाठवा, शनिवारी दुपारी लावतो. रेडिओवर पहिल्यांदाच नाव येणार. पण पाठवायचं कुठलं?

‘‘ह्यामा काय इचार करस?’’ आकाश म्हणाला. ‘‘लोके जे परत परत लावतस, तेच चांगलं.’’

बोलणं बिनतोड होतं, तरी प्रशीलच्या घशाखाली उतरेना. त्याचा जीव अडकला होता त्याच अल्बममधल्या ‘देठ’मध्ये. त्याची आई द्रौपदाबाई वर्षानुवर्षं व्यापाऱ्याच्या खळ्यावर वाळल्या मिरचीचे देठ खुडायला जायची. संध्याकाळी हातांची नुसती आग. पोर धावत आलं की ती हात पाठीमागे घ्यायची, कारण त्या हातांनी तोंड कुरवाळलं तर पोराचे डोळे चुरचुरायचे. पोराला मात्र वाटायचं, आई रागावली. एवढंच ते गाणं. ना ठेका, ना नाचायला जागा. लोक ते अर्ध्यात सोडून भरतावर उडी मारायचे.

लोकांचं जाऊ द्या. खुद्द आई भांडी घासताना मोबाइलवर भरीतच लावायची! ‘देठ’ तिने एकदाच ऐकलं, ‘‘बरं शे’’ म्हणाली आणि उठून गेली. ज्याच्यासाठी जेवण रांधावं त्यानेच ताट सारावं, तसं त्याला झालं. इतकं वाईट लिहिलं का आपण? की वाजतं तेच गाणं, आणि बाकीचं सगळं आपलं खूळ?

शेवटी शुक्रवारी त्याने विचारलंच. ‘‘माय, ‘देठ’ तू परत का नही लावत? आवडनं नही का?’’

द्रौपदाबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. ‘‘एकदाव ऐकं ना मी.’’

‘‘मंग?’’

‘‘तू रडे, आनि मी हात मांगे लेऊ. ते रोज कसाले ऐकू रे? भरीत लागनं की काम व्हस.’’

हे कौतुक होतं की तक्रार? जे गाणं दुसऱ्यांदा ऐकवत नाही ते चांगलं म्हणायचं की वाईट?

‘‘मंग भरीतच धाडू?’’

‘‘नही. ‘देठ’च धाड. बठ्ठा लोकेसले ऐकू दे,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त कव्हय लागनार शे ते सांगी ठेव. मी तवढा येळ बाहेर जाई बससू.’’

त्याने ‘देठ’ पाठवलं. शनिवारी दुपारी वेळ झाली तशी द्रौपदाबाई उठली आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली. प्रशील रेडिओ लावायला मोबाइल हातात धरून थोडा वेळ घुटमळला. मग त्याने तो घरातच ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. आपलं रेडिओवर लागलेलं पहिलं गाणं त्याने ऐकलंच नाही.