बुधीमावशीचा झरा

बुधीमावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा म्हणजे कळंबच्या मागे, डोंगराला टेकलेल्या ठाकूरवाडीतली एक खोली, आणि शाळेची बाई म्हणजे मी, उज्वला. मी शिकवत असते तेव्हा मावशी दाराशी तांदूळ निवडत बसते. हात सुपात, कान धड्यात. मुलांपेक्षा तूच हुशार, असं मी तिला चिडवते.

अकरा वर्षांपूर्वी मी इथे रुजू झाले, त्या दिवशी तिने मला घरात बसवलं नाही. सरळ वर झऱ्यावर नेलं. या वाडीची रीतच तशी. आल्यागेल्याला घरातल्या हंड्यातलं पाणी द्यायचं नाही, झऱ्यावर न्यायचं, त्याने आपल्या ओंजळीने प्यायचं. आम्ही बौद्ध. माझ्या आजीला गावच्या विहिरीवर लोक लांबून, वरून पाणी ओतायचे. मी त्या झऱ्यात कोपरापर्यंत हात बुडवून प्याले आणि रडले. मावशीला वाटलं, पाणी फार गार लागलं.

मागच्या महिन्यात मी मुलांना कोलंबसाची गोष्ट सांगितली. पुस्तकात नव्हती, पण मला धड्याबाहेर जायची खोड आहे. पाचशे वर्षांपूर्वी तो जहाजं घेऊन कॅरिबियन बेटांवर पोचला. तिथे ताइनो लोक राहत होते. त्यांनी या पाहुण्यांना पोपट दिले, सुताचे गोळे दिले, प्यायचं पाणी दाखवलं. कोलंबसाने वहीत लिहून ठेवलं, ही माणसं चांगली नोकर होतील. त्यांच्या बेटाला त्याने आपल्या मनाने नवंच नाव ठेवलं, काहींना धरून जहाजावर चढवलं. पुढच्या पन्नास वर्षांत बहुतेक लोक रोगाने आणि सक्तीच्या कामाने मेले.

दाराशी सुपाचा आवाज थांबला होता.

"पानी कुनी दाखवलं त्यानला?" मावशीने विचारलं.

"त्यांनीच. पाहुणे होते ना."

"समदी मेली?"

"सगळी नाही. त्यांची नातवंडं-पतवंडं अजून आहेत."

"आन् पानी?"

मावशीचा चेहरा उतरला होता.

"बाई, आठवड्यामागं दोन मानसं आली व्हती गाडीतनं," ती म्हणाली. "उन्हानं दमलेली. मी झऱ्यावर नेलं. पोटभर प्याली. मंग एकानं बाटली भरून घेतली, आन् दुसऱ्यानं दगडावर लाल रंगाची खून केली. मी हसले. म्हनलं, वाट ध्यानात राहावी म्हनून करत असंल."

मे महिन्यात खालची विहीर आटते आणि साठ माणसं त्या एका झऱ्यावर जगतात. झऱ्याभोवतीची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे वाडीत कुणालाच धड ठाऊक नाही. आणि खालून रिसॉर्टं वर सरकत चालली आहेत.

त्या दिवसापासून खिचडी कधी खारट, कधी करपलेली. पायथ्याशी गाडीचा आवाज आला की मावशी उठून बाहेर जायची. बऱ्याचदा ती माझीच स्कूटर असायची. तिने तो लाल रंग दगडाने घासून काढला. रंग गेला, पण खरवडलेली पांढरी जागा जास्तच दिसायला लागली. मग तिने आणि चिंधी नावाच्या तिच्या सुनेने करवंदीच्या काट्या तोडून सगळा झराच झाकला. पाणी भरताना काढायच्या, भरून झालं की परत रचायच्या.

गेल्या बुधवारी, भर शाळेत, ती माणसं आली. या वेळी तिघं होती, हातात नकाशाची गुंडाळी.

"आजी, तो झरा दाखवा ना परत," एकजण गोड बोलला.

मावशी पळी घेऊन उभी राहिली. "आटला."

"मार्चमध्येच?"

"आटला म्हनते ना."

अकरा वर्षांत मी तिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. पळीतली खिचडी तिच्या पायावर सांडत होती, तिला कळत नव्हतं. एकाही मुलाने मान वर केली नाही. तिघे आपणच वर गेले आणि तासाभराने ओरबाडलेले हात घेऊन खाली आले.

"मशीन घेऊन येऊ," जाताना एकजण म्हणाला.

शाळा सुटली. रोजच्यासारखी मी पाणी प्यायला झऱ्याच्या वाटेला लागले, तर मावशी आडवी आली. आपल्या घरात गेली, हंड्यातलं पाणी स्टीलच्या पेल्यात घेऊन आली.

"हितंच प्या. वर नका जाऊ आता."

"मावशी, मी?"

तिने मान खाली घातली. "तुमीबी खालनंच आल्या ना, बाई."

मी पेला घेतला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. मी उभ्यानेच पाणी प्याले, पेला उंबऱ्यावर ठेवला आणि डोंगर उतरायला लागले.