बापाच्या नावाचा वळू

गहिनीनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नसत. ती कशी मोडली हे कर्जतकडच्या त्या गावात कुणी विचारत नसे. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

जनावरांच्या दवाखान्यात तो जनावरं दोराने आडवी पाडायच्या कामावर होता. एकाहत्तर साल असेल. गावठी गाई जर्सी वळूच्या बीजाने भरवायचं काम सुरू झालं होतं. बीज बर्फाच्या डब्यातून यायचं. वासरात अर्धा गुण बापाचा उतरतो, बाप बदलला की दूध वाढेल, असं डॉक्टर घरोघर सांगत. पण भरवलेली गाय रानात गेली की गावचा वळू तिच्यावर चढे आणि वासरू गावठीच निपजे. म्हणून आधी गावोगावचे वळू खच्ची करायचे. पूर्वी ते लाकडाने बडवत. आता चिमटा आला होता. कातडं न फाटता वृषणाची आतली शीर चिरडायची.

चिमटा दाबायला जोर लागतो, पण खरं काम पाडण्यात. दोर शिंगांच्या बुडाशी बांधायचा, एक वेढा छातीला, एक पोटाला, आणि ताण सरळ मागे. हिसका दिला की जनावर बिथरतं. सावकाश आवळत गेलं तर आपण होऊन गुडघे टेकतं. या हिशेबाने गहिनीनाथने आसपासचे सगळे वळू पाडले. एक राहिला.

तो आप्पासाहेबांचा. त्यांचे वडील वारले तेव्हा मांडीवर त्रिशूळाचा डाग देऊन त्यांच्या नावाने सोडलेला. असा वळू दावणीला बांधत नाहीत, पिकात शिरला तरी मारत नाहीत. आप्पासाहेब त्याला ‘बा’ म्हणत आणि दारात आला की भाकरी मोडून देत.

त्या दिवशी हा वळू चांगुणाच्या गोठ्याचं काट्यांचं कुपाटं तुडवून आत घुसला. चांगुणा विधवा, तिची एकुलती कालवड सकाळीच भरवलेली. वळूच्या वजनाखाली कालवडीचं कंबरडं मोडलं. दुपारपर्यंत ती पुढच्या पायांवर फरफटत राहिली, मग मेली.

चांगुणा तशीच दवाखान्यात आली. “गहिनीभाऊ, आज पाड त्याला. न्हाईतर दोर माज्याकडं दे.”

वळू हौदावर पाणी पीत होता. गहिनीनाथने चिमटा काठावर ठेवून दोर टाकला, वेढे घेतले, ताण धरला. वळूचे पुढचे गुडघे टेकले तोच आप्पासाहेब काठी घेऊन आले.

“गहिन्या, त्यो माजा बा हाय. त्याचा वंश बुडवतूस?”

“आप्पा, मागं सरा. ताण धरलाय.”

काठी बोटांवर बसली. हाडं मोडल्याचा आवाज लोकांनी ऐकला. दोर सैल पडला, वळू उसळून उठला आणि समोर दिसला त्याच्यावर गेला. समोर आप्पासाहेब होते. शिंग बरगडीखाली घुसलं. वळूने त्यांना हौदाच्या दगडावर दाबून धरलं आणि पुन्हा मुंडी मारली. पाणी लाल झालं. लोक पळाले.

गहिनीनाथने डाव्या हाताने दोराचं टोक हौदाजवळच्या बाभळीच्या बुंध्याला वळसा घालून घेतलं आणि अंग मागे टाकलं. चांगुणा येऊन दोराला लोंबकळली. तिच्या तळव्यांची सालं निघाली, पण हिसका तिनेही दिला नाही. वळू इंच इंच मागे सरला, गुडघ्यांवर आला, कलंडला.

आप्पासाहेब सरपटत त्याच्या तोंडाशी गेले. डोक्याचा पटका सोडून त्यांनी तो वळूच्या डोळ्यांवर टाकला.

“बा, डोळं झाक,” ते म्हणाले. मग मान न वळवता, “कर आता. उद्या मानूस मारंल त्यो.”

दोर बाभळीला गाठ मारून बांधला. गहिनीनाथचा उजवा हात चिमट्यावर मिटेना, तेव्हा दुसरा दांडा चांगुणाने धरला. दोघांनी मिळून दाबला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. वळू ओरडला. आप्पासाहेबांनी पटका घट्ट धरून ठेवला होता.

गहिनीनाथने आधी पोटाचा वेढा काढला, मग छातीचा. घाई केली नाही.