बांगडा, पक्कड आणि मालन

नाहूरच्या बाळा घाडीला मासळी दुरूनच कळायची. कल्ला उघडायच्या आधीच तो कोळणीला सांगायचा, "गो बाय, ह्यो कालचो." आणि ती शिव्या घालत भाव कमी करायची.

मग मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण डोक्यात कुठंतरी वाट लागलीच. तपासणीला डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली. पाना, पक्कड, करवत. बाळा फिटर माणूस, धडाधड सांगत सुटला. पुढचं चित्र बांगड्याचं. "कायतरी जनावर असतलां," म्हणाला. गाय दाखवली, तेच. आणि आंबा? मूळच्या मालवणच्या माणसाला आंबा कळेना! बायको मालन पदर तोंडाशी धरून बसली.

"सजीवांची माहिती मेंदू वेगळी ठेवतो, हत्यारांची वेगळी," बाई म्हणाल्या. "यांची सजीवांची बाजू दुखावलीय."

झालं! मालन काय पक्कड आहे? घरात सजीव म्हणजे कुंडीतली तुळस, लेक मानसी आणि ती. बाळाला विचारायचं अगदी जिभेवर आलं, पण उत्तराच्या भीतीनं तिनं गिळलं.

बरं, कळणार तरी कसं? त्यांच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्न झाल्यापासून बाळा "अगो" म्हणत आलेला. घरी आल्यावरही "अगो"च. पण मेला हॉस्पिटलात नर्सलाही "अगो" म्हणत होता! मालनला त्या एका शब्दानं झोप लागेना.

"विचार ना गं सरळ!" मानसी म्हणायची.

"तू गप बस."

रविवारी दुपारी मालननं बांगडे तळले, बाळाला आणि मानसीला वाढले. बाळानं ताटाकडे बोट केलं. "ह्यां काय गो?"

म्हणजे याला काटाही कळायचा नाही. घशात अडकू नये म्हणून ती शेजारी बसून एकेक काटा काढू लागली, आणि काढता काढता तोंडातून निघून गेलं, "माका तरी वळाखतास मा?"

बाळा भडकला. "खुळी काय गो तू! मासो खयचो ता माका कळणा नाय. काटे काढून दिणारी कोण ता कळता. मालन! आणि कोण?"

लेकीदेखत नवऱ्यानं नाव घेतलं म्हणून मालन आधी लाजली. मग तिला रडू आवरेना.