चार वाव दोर

हणमंता आमच्या गावचा, माणदेशातला. आयटीआय करून तो माझ्या पाठोपाठ फरीदाबादला आला. बाहेरच्या कंपन्या तेव्हा नुकत्याच देशात शिरत होत्या, स्कूटरचे सुटे भाग करायला हात कमी पडत होते. तो टूलरूमला लागला. आम्ही एकाच खोलीत राहायचो. भाकरी तो थापायचा, कालवण मी करायचो, आणि दोन्ही बिघडलं की कोपऱ्यावरच्या ढाब्यावर.

फरीदाबादच्या बाहेर धौजला अरवलीचे खडक आहेत. रविवारी दिल्लीची शिकलेली माणसं तिथं दोर लावून चढायची. हणमंता पहिल्यांदा बघून आला तेव्हा खोलीत लोळून हसला.

"चुकलेलं शेरडू काढाय मी कड्यावर चढलो तर आय फोकानं बडवायची. हितं लोक मोटारीनं येत्यात, वर जात्यात, आन परत खालीच येत्यात की रं!"

पण पुढच्या रविवारी गेला, त्याच्या पुढच्याही गेला. अंगातच होतं ते. महिन्याभरात मोटारवाले त्याला आधी चढवायला लागले.

तिथंच देवयानी भेटली. तिचे वडील भालचंद्रकाका सरकारी नोकरीत, आजोबांपासून दिल्लीत. घरात पुणेरी मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. ती नेहरू प्लेसला विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत होती. गाठी कशा मारायच्या ते तिनं त्याला शिकवलं. खाली उभं राहून वरच्याचा दोर कसा धरायचा, हे मात्र त्यानं तिच्या मनावर ठसवलं. "दोराकडं न्हाई, माझ्याकडं बघायचं. नजर काढायची न्हाई." ती म्हणायची, "अच्छा, म्हणजे लग्नाची प्रॅक्टिस!"

लग्न झालं ते तुळशीच्या लग्नानंतर, आमच्या गावात. भालचंद्रकाका काही खूश नव्हते, पण आले. मला रजा मिळाली नाही. देवयानीच्या कचेरीतल्या मैत्रिणींनी आहेर म्हणून चढाईचा परदेशी दोर दिला होता, निळा, त्यात केशरी नक्षी, पन्नास मीटर. भांड्याकुंड्यांच्या शेजारी मांडवात तो वेटोळं करून ठेवलेला.

आता पुढं जे झालं ते आम्हाला फार उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, कोडी घालायची मला सवय नाही. म्हसवडची यात्रा तोंडावर आलेली. हणमंताच्या बापाला, आबाला, खिलारी खोंडं मिरवायची होती. आबानं दोर चाचपला आणि म्हणाला, "हेचा कासरा काय दिसंल रं खोंडांला!" आमच्याकडं आहेर नवरानवरीचा नसतो, घराचा असतो. नुकतं लग्न झालेलं पोरगं बापाला नाही कसं म्हणेल? हणमंतानं विळ्यानं चार वाव दोर कापून दिला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढं होतं तेवढं. कापलेलं तोंड चुलीच्या निखाऱ्यावर वितळवून असं साफ केलं, की कारखान्यातून तसंच आलंय वाटावं. देवयानी तेव्हा आत बायकांच्यात उखाणे घेत बसली होती.

मधुचंद्राला ती दोघं थायलंडला गेली, क्राबीला. तिच्या कचेरीतून तिकीट स्वस्तात पडलं. समुद्रातून सरळ वर उठलेले चुनखडीचे कडे, पायथ्याला वाळू, लांबट होड्या आणि उकाडा. हणमंतानं समुद्र पहिल्यांदाच बघितला. मला कार्डावर लिहिलं होतं, "पाणी लई हाय पण पेता येत न्हाई, आपल्या गावासारकंच." दोघं सकाळी चढायची, दुपारी पाण्यात डुंबायची. त्या दोनतीन दिवसांबद्दल नंतर कुणी कधी बोललं नाही.

मग त्यांनी एक उंच कडा धरला. तिथला एक गोरा चढणारा म्हणाला, पन्नास मीटर दोर असेल तर पुरतो. देवयानीनं विचारलं, "आपला पन्नासचाच आहे ना?"

हणमंता म्हणाला, "व्हय."

बैलाला कापून दिला असं त्या गोऱ्या माणसांत सांगायची त्याला लाज वाटली. थोडका तर कापलाय, असंही वाटलं.

तो वर पोचला. त्याच्या कमरेचा दोर वरच्या कडीतून ओवून परत खाली तिच्या हातात आलेला; देवयानीनं खालून तो सोडत त्याला उतरवायला घेतलं. धौजचे खडक बुटके, तिथं दोराचा ढीग कायम पायाशी उरायचा, म्हणून टोकाला गाठ मारायची सवय दोघांनाही नाही. ती शिकवल्याप्रमाणं त्याच्याकडं बघत होती. दोराचं टोक तिच्या हातातून सरकन निघून गेलं. दुमजली घराएवढ्या उंचीवरून हणमंता पाठीवर खडकावर पडला.

कंबरेखालचं सगळं गेलं.

तिकडच्या इस्पितळातून दिल्लीच्या, तिथून फरीदाबादच्या घरी. लग्नासाठी त्यानं भाड्यानं घेतलेलं, सेक्टरातल्या नव्या इमारतीत पहिला मजला, लिफ्ट नाही. आम्ही चौघांनी त्याला खाटेसकट वर नेला. गावाहून त्याची आई आली आणि तिनं आल्या आल्या सुनेला धरलं.

"दोर धराय येत न्हाई तर धरावा कशाला? माझं लेकरू मातीत घातलंस."

देवयानीला स्वतःलाही तेच वाटत होतं. आपल्याच हातातून दोर निसटला, एवढंच तिला ठाऊक. हणमंता भिंतीकडं तोंड करून पडलेला. तो तिथंच बोलला असता तर पुढचं टळलं असतं. 

उन्हाळा आला. वीज जायची ती तासन्‌तास यायची नाही. त्याच्या पाठीला जखमा पडल्या, मांसापर्यंत. देवयानीनं नोकरी सोडली. त्याला कुशीवर वळवायचं, जखम धुवायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, मागचं सगळं करायचं, आणि वर सासूचं ऐकायचं. नवऱ्याला नावानं हाक मारते म्हणूनही ऐकायचं. म्हातारी जिन्यात शेजारणींना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायची, "इसने छोड्या दोर." पंजाबी बायका चुकचुकायच्या आणि दारातून देवयानीकडं बघायच्या.

एक दिवस मी औषधं घेऊन गेलो, तर ती गॅलरीत उभी होती. मुठी वळत होती, उघडत होती.

"भाऊ, मी हात सैल सोडला असणार ना? मला आठवतच नाही यार. मी त्याच्याकडेच बघत होते, बिल्कुल त्याच्याकडेच. मग कसा सुटला?"

"चुकून झालं, वहिनी."

"चुकून झालं की काय झालं तेच कळत नाही. वेड लागेल मला." मग खाली बघत म्हणाली, "इथून पडलं तर माणूस मरत नाही, नुसता हणमंत होतो."

मी तिचा दंड धरून तिला आत आणलं. हणमंताला हे ऐकू गेलं होतं. त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. मी म्हटलं, "बोल की तिच्याशी काहीतरी, मुडद्या." तो म्हणाला, "काय बोलू?"

मग म्हातारीनं नवस काढला. सुनेनं म्हसवडला सिद्धनाथापुढं नाक घासायचं, मग गावी जाऊन आबाच्या पाया पडून माफी मागायची. देवयानी लगेच तयार झाली. मला तर वाटलं तिला हुरूपच आला. कुठंतरी शिक्षा भोगून मोकळं व्हायचं होतं तिला. तिकिटं मीच काढून आणली, दोघी जाणार आणि तेवढे दिवस मी हणमंतापाशी राहणार, असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती त्याच्या पायांना तेल लावत होती. पायांना काही कळत नव्हतं, तरी डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हातारी खिरीचे गव्हले वळत बसलेली. मी दाराशी.

हणमंता एकदम म्हणाला, "गावी जाऊ नगंस."

"का?"

"गोठ्यात खोंडं हायेत."

"मग?"

त्यानं डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. आहेर, आबा, विळा, निखारा, चार वाव. "तुजा हात सुटला न्हाई. दोरच संपला. मला ठावं हुतं."

देवयानीचा हात त्याच्या पोटरीवर तसाच राहिला. म्हातारीनं मात्र तोंड उघडलं.

"एवढ्या थोरल्या दोरातला वीतभर तुकडा, तेनं काय हुतंय? आबानं मागितला म्हनून आता आबाच्या माथी मारतुयास व्हय रं? बायकूला पाठीशी घालतुयास."

"आये, गप."

"गप काय? मीच रोज सोडायची त्यो कासरा—"

आणि ती थांबली. गव्हला बोटात चेपला गेला. कासरा तिनं गावी रोज हाताळला होता, तो वीतभर नव्हता हे तिच्याच हातांना ठाऊक होतं.

देवयानी हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. तिथं, कड्याखाली. पन्नासचाच ना, म्हणून."

"व्हय."

"आणि नंतर इतके महिने, आई मला बोलत होत्या, तू ऐकत होतास."

"व्हय."

"त्या दिवशी गॅलरीत मी काय बोलले, तेपण?"

हणमंतानं मान हलवली.

"एकच सांग. मी गावी निघालेच नसते, तर तू हे सांगितलं असतंस?"

खोलीत पंखा नव्हता चालू, वीज गेलेली. खाली कुणीतरी बादली ओढत होतं. हणमंतानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिनं हाताचं तेल पदराला पुसलं, बाटलीला बूच लावलं, चपला घातल्या आणि ती माहेरी निघून गेली.

पुढचे दिवस मी आणि म्हातारीनं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. एवढा मोठा गडी वळवताना म्हातारीच्या छातीत कळ यायची, मी कामावर गेलो की तो एका कुशीवरच पडून राहायचा. जखम परत उघडली, वास मारायला लागली. मी भालचंद्रकाकांकडं गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

मग एका सोमवारी ती आपण होऊन आली. म्हातारी दारातच पुढं झाली, "ये गं पोरी, च्या टाकते."

"नको." तिनं बाह्या वर सारल्या. "उचलायला आलेय. बोलायला नाही."

तेव्हापासून तसंच चाललंय. तिनं दुसरीकडं नोकरी धरली. सकाळी येते, त्याला धुते, जखम बांधते, कुशीवर वळवते. संध्याकाळी परत एकदा. रात्री माहेरी. जिन्यातल्या बायकांना म्हातारीनं आता खरं काय ते सांगितलंय, हातवारे करून, बैलाची शिंगंसुद्धा करून दाखवली. त्या देवयानीला आता वाट देतात. हणमंताशी मात्र ती दोनच शब्द बोलते, "वळ," आणि "झालं."

परवा हणमंतानं माझा हात धरला. "तिला म्हनावं, शिव्या दे. थोबाडीत मार. पर आशी गप नगं ऱ्हाऊ, मला सोसवंना."

मी स्वयंपाकघरात जाऊन तिला तसंच सांगितलं. ती पट्ट्या उकळत होती. पाण्याकडं बघतच म्हणाली,

"त्याला लागतील अशा शिव्या मला मराठीत येत नाहीत, भाऊ. आणि हिंदीत दिल्या तर त्याला सवय आहे."

मग चिमट्यानं पट्ट्या काढल्या, निथळवल्या आणि आत गेली. आतून आवाज आला, "वळ."