भरमाण्णा माझ्यासोबत चालला

मी मूळचा निपाणीचा. लढाईच्या दिवसांत विमानदलात इंजिन फिटर होतो. इंजिन का बंद पडलं, हे कळेपर्यंत हात न धुणारा माणूस... भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जायचो. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

बेळगावहून आमचं छोटं विमान निघालं. पायलट, मी आणि वायरलेसवाला भरमाण्णा, चिकोडीचा. खानापूर मागं पडलं, घाटावर ढगांत शिरलो आणि एकदम झाडांचे शेंडे काचेवर आले. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी बाहेर झुडपात होतो. पायलट जागीच गेला होता. माझा उजवा पाय मोडलेला. शेजारी भरमाण्णा उभा — अंगावर ओरखडासुद्धा नाही!

"ऊठ रं. हितं कोण येत न्हाय."

त्यानं मला काखेत धरलं. ओढ्याच्या कडेनं आम्ही दिवसभर उतरत होतो. मी पोटभर पाणी प्यालो. तो प्यालाच नाही, नुसता वर रानाकडं बघत राहिला.

"मला ठेव हितंच, तू जा," मी म्हटलं.

"गप चाल. तुझ्याबिगर मला वाट गावायची न्हाय."

ऊन कलताना पहिलं घर लागलं. एक बाई धावत आली. मला ओट्यावर निजवून तिनं पेज आणली — दोन वाट्या. मी मान वळवली, तर भरमाण्णा नव्हता.

"आत्ता तर हितं हुता की," ती म्हणाली. "आदी याला द्या म्हनला."

तिनं लई हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी विमान शोधायला गेलेली माणसं परतली. भरमाण्णा विमानातच सापडला होता. सीटवर, पट्टा बांधलेला. त्यांच्यासोबत गेलेले विमानदलाचे डॉक्टर म्हणाले, आदळताक्षणीच गेला असणार. मी काय बघितलं ते सांगितल्यावर म्हणाले, तापात भास होतात.

पण ताप मला होता... त्या बाईला कुठं होता? तिनं चौकशीला आलेल्या साहेबांसमोर ठासून सांगितलं, "दोगं आलती. माज्या डोळ्यांनी बगितलंय."

पाय बरा झाल्यावर मी चिकोडीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. तिनं पदर बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणाली,

"तुमच्यासंगं एवढं चालले... मग घरी का न्हाय आले ओ?"